पटलं तर उठा

आमच्या घरात भांडायला बंदी होती, वाद घालायला नव्हती. हा फरक बाबांनी ठरवला होता आणि ते तो फार गांभीर्याने पाळत. मी आणि धाकटा भाऊ एकमेकांच्या झिंज्या धरायच्या बेतात आलो, की बाबा शाईने काळी पडलेली बोटं वर करत आणि म्हणत, "भांडू नका. वाद करा. एकानं बोला, दुसऱ्यानं आयका. मंग दुसऱ्यानं बोला." बोलायची पाळी येईपर्यंत राग विझून गेलेला असे आणि काय बोलायचं तेही आठवत नसे. मायला हे काही पटत नव्हतं. चुलीपुढून मागे न बघता ती म्हणायची, "राग आला तर येऊ द्या ना थोडासा. लेकरं होत ते, सभा नोहोय."

बाबा सावली या तालुक्याच्या गावी एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवायचे काम करत. सकाळी भात खाऊन सायकलवर निघत, अंधार पडायच्या आत परतत. दिवसभर लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं. नदीपलीकडे गडचिरोली हा नवा जिल्हा झाला तेव्हा लेटरहेडांचं काम इतकं वाढलं, की 'ड'चे खिळे पुरेनात म्हणून बाबा घरी येऊन कुरकुरत. पण त्यांचा जीव होता पत्रकांत. मालकाच्या परवानगीने ते चळवळीची पत्रकं छापत आणि बिघडलेले, तिरके उमटलेले कागद घरी आणत. आमच्या कुडाच्या भिंतींना आतून तीच पत्रकं डकवलेली होती. चुलीमागची धुराने तपकिरी झालेली, दाराजवळची ओलीने फुगलेली. मी अक्षरं त्यांवरच शिकले. इतर पोरी 'कमळ' वाचत होत्या तेव्हा मी 'बंधूंनो, जागे व्हा' वाचत होते. बहिणींना कुणी जागं करत नाही हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं जावी लागली, पण भाषा मात्र अंगात मुरली. पत्रकात 'कदाचित' हा शब्द नसतो. 'थोडंफार' नसतं. जे असतं ते पूर्ण चूक किंवा पूर्ण बरोबर, आणि शेवटी उद्‌गारचिन्ह. सोळाव्या वर्षी मी तशीच बोलत होते, तशीच चालत होते, आणि शेजारच्या बाया मला 'पत्रक' म्हणत हे मला बक्षीस वाटत होतं.

माय पत्रकं वाचत नसे, ती त्यांच्या सावलीत स्वयंपाक करी. आमच्याकडे रोजचं जेवण म्हणजे भात आणि लाखोरीची डाळ, कधी सुक्या झिंग्यांची चटणी, हिवाळ्यात वांगं. बाबांमुळे घरात केव्हाही माणूस येई. कुणी गडचिरोलीहून सभेला आलेला, कुणी एटापल्लीकडे जाणारा आणि बस चुकलेला. दारात चप्पल वाजली, की माय कोण आलं ते विचारायच्या आधी डाळीत तांब्याभर पाणी ओतायची, वरून मीठ, एक उकळी. डाळ सगळ्यांना पुरायची. आम्ही चेष्टा करायचो, की आमच्या डाळीत चळवळ वाहते. ती हसायची. आज मला वाटतं, त्या घरात माणसं एकत्र ठेवायचं जे काही काम होत होतं, त्यातलं बरंचसं त्या तांब्यानं होत होतं.

आमचं विहार म्हणजे कौलारू छपराची एक लांब खोली आणि पुढे सारवलेलं अंगण. विहारामागे मोकळी जागा होती, आणि तिथे आम्ही पोरी खो-खो खेळत होतो. दोन खांबांपैकी एक आमच्या वस्तीतल्या सुताराने दिलेला सागाचा होता. दुसरा शकुनच्या बापाच्या नावेचा जुना वल्ला होता, बुडखा जमिनीत पुरलेला. शकुन ढिवर मोहल्ल्यातली. तिच्या घरी तलावातली मासोळी पकडायची, सुकवायची आणि बाजारला न्यायची. आमच्या वस्तीत त्यांच्या पोरी येत नसत, आमच्या तिकडे जात नसत. शकुन येत होती, ती फक्त या जागेमुळे. विहाराची मागची बाजू आणि तिच्या घराची मागची बाजू यांच्यामध्ये एकच बांध होता, आणि तिची माय मासे वाळत घालता घालता मान वर करून तिला खेळताना बघू शकत होती. "दिसून राह्यली तोवर खेळ," एवढी एकच अट होती. इतर पोरींच्या आयांचीही अट साधारण तीच. दुसरं असं मैदान गावात नव्हतं. शाळेच्या पटांगणाला तारेचं कुंपण लागलं होतं आणि तलावाच्या पाळीवर पोरींना कोण धावू देणार?

पण तार लागली ती पोरांसाठीही. कबड्डीचा संघ बेघर झाला आणि त्यांना विहारामागची जागा हवीशी झाली. वेळ वाटून घेता येईना, कारण शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंतचीच काय ती वेळ, आणि त्यांना जमीन खणून, भुसा मिसळून मऊ करायची होती. त्या भुशात आमचे पाय रुतले असते. आठवडाभर विहिरीवर, दुकानापुढे, पानठेल्यावर तेच चाललं होतं. पोरं म्हणत, "तुमचा काय खेळ आहे? लपाछपी होय ते." आम्ही म्हणत होतो, "तुम्ही सात जण मिळून एकाचे पाय धरता, त्याले खेळ म्हंतेत का?" मग देविदास, तो त्यांचा कप्तान, म्हणाला, की सगळ्यांत कठीण खेळ जो असेल त्याला जागा मिळाली पाहिजे. ही बातमी बाबांच्या कानावर गेली आणि त्यांचा चेहरा उजळला. भांडण होतं, त्याचा वाद झाला होता.

विहारात वाद घालायची आमची एक पद्धत होती, आणि ती बाबांनीच पाडलेली. दोन बाजूंना दोन सतरंज्या अंथरायच्या, मधली सारवलेली जमीन मोकळी. ज्यांचं मत आधीच ठरलेलं आहे त्यांनी आपापल्या सतरंजीवर बसायचं, बाकीच्यांनी मध्ये. टाळ्या नाहीत, हात वर करणं नाही. बोलणारा बोलला आणि पटलं, तर उठायचं आणि त्याच्या सतरंजीवर जाऊन बसायचं. आपल्या सतरंजीवरून उठून समोरच्याच्या सतरंजीवर जाणं हा तर मोठा मान समजला जाई, जाणाऱ्याचाही. आणि दुसरा नियम असा, की कुणी कोणत्या बाजूने बोलायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. बाबा म्हणत, "ज्याले समोरच्याची बाजू मांडता येत नाई, त्याले आपली बी समजली नाई." हे वाक्य मी आजही चुकीचं मानत नाही. मला लाज वाटते ती या वाक्याची नाही.

पोरींनी मला उभं केलं, पोरांनी देविदासला. शनिवारी चिठ्ठ्या निघाल्या. मला कबड्डी आली. देविदासला खो-खो.

मी घरी आले तेव्हा शकुन आमच्या ओट्यावर बसलेली होती. तिला बातमी आधीच कळली होती आणि ती अजिबात घाबरलेली नव्हती. "बरंच झालं," ती म्हणाली. "तो देविदास बोलते तसाच बोलंन, बैलावानी. तू बी तशीच बोल. गपचूप दोन गोष्टी सांग आन बस. मंग सगळे जिथीच्या तिथी. ज्याची जागा त्याची."

"म्हणजे मी मुद्दाम वाईट बोलू?"

"वाईट काऊन? थोडी पानी टाकून बोल."

माय आत तांदूळ निवडत होती. तिथूनच म्हणाली, "बराबर म्हंते पोट्टी. दाळीत टाकतो तसं टाक थोडंसं. सगळ्याइले पुरंन."

मी त्या दोघींना प्रामाणिकपणावर एक व्याख्यान दिलं. वाक्यं मला आठवत नाहीत, पण भिंतीवरची असणार. शकुनने ते ऐकून घेतलं आणि उठताना एवढंच म्हणाली, "तू तं आमचीच होय ना वो?" मी म्हटलं, अर्थात. मला खरंच तसं वाटत होतं. मला वाटत होतं, की देविदास जीव तोडून बोलेल, मी जीव तोडून बोलेन, आणि सत्य आपोआप वर येईल, भात शिजताना फेस येतो तसं.

रविवारी दुपारी वंदना झाली आणि सतरंज्या पडल्या. एकीवर कबड्डीचे पोट्टे, दुसरीवर आमच्या पोरी, शकुन सगळ्यांत पुढे. ती घरचा पिवळा परकर धुऊन नेसून आली होती आणि विहारात बसायची तिची ती पहिलीच वेळ होती. मध्ये मोठी माणसं, बाया. माय मधल्या बायांत होती. बाबा अध्यक्ष म्हणून खुर्चीवर. खेळणारे एका बाजूला आणि त्यांच्यासाठी बोलणारा दुसऱ्या बाजूचा, अशी ती गंमत होती. मी पोरांच्या सतरंजीपुढे उभी आणि देविदास पोरींच्या.

देविदास आधी बोलला. "खो-खो बी कठीण आहे," तो म्हणाला. "धावा लागते. उठा लागते, बसा लागते. पोरी बिचाऱ्या धावतेत. मले येवढंच सांगाचं होतं." आणि खाली बसताना त्याने आपल्या संघाकडे बघून डोळा मिचकावला. पोरं खुदकन हसली. मधल्या बायाही हसल्या. त्या सगळ्यांना समजलं होतं, की आता ही पोरगीही असंच काही बोलून बसेल आणि मग मोठी माणसं सावकाश, चहा घेत, जागेचं काय ते ठरवतील. सगळ्या विहारात ते फक्त मला आणि बाबांना समजलं नव्हतं. मला उलट संताप आला. वाद घालणाऱ्याने वादाचा असा अपमान करावा? मी पदर खोचला नाही एवढंच, परकर होता म्हणून.

मी बोलले. कबड्डीतला माणूस एकटा सात जणांच्या घरात जातो, आणि त्याच्याजवळ शस्त्र काय, तर एक श्वास. तो संपला की तो संपला. जगातल्या कुठल्याही खेळात माणसाला श्वास मोजून मिळत नाही. ट्रान्झिस्टरवर ज्या क्रिकेटचे गोडवे आपण ऐकतो त्यात खेळाडू चहा पिऊन पुन्हा खेळायला येतो. असं मी बोलत गेले आणि मधली माणसं हलायला लागली. एक म्हातारा उठून कबड्डीच्या सतरंजीवर गेला. मग दोघे. ते उठणं डोळ्यांना दिसतं ना, त्याची एक झिंग असते. टाळ्यांची सवय असलेल्यांना ती कळणार नाही. मग मी खो-खोकडे वळले. म्हणाले, नऊ जणींच्या खेळात आठ जणी बसलेल्या असतात. आणि बसून राहणं हा जर कठीण खेळ असेल, तर माझी माय रोज दोन वेळा चुलीपुढे बसते. तिला अजून कुणी कप दिलेला नाही.

विहार हसलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हसत हसतच त्यांतल्या निम्म्या उठल्या आणि माझ्या बाजूला आल्या. मग आमच्याच सतरंजीवरची वनिता उठली. विहारातल्या वादांत ती बाबांची लाडकी शिष्या होती, नियम पाळणारी. खाली मान घालून ती मधली जमीन ओलांडून कबड्डीच्या सतरंजीवर येऊन बसली, कारण तिला पटलं होतं, आणि पटलं तर उठायचं असतं. तिच्यामागून आणखी एक. शकुन माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. बाजारात आपलाच माणूस दुसऱ्या दुकानात शिरताना दिसावा आणि हाक मारावी की नाही कळू नये, तसं काहीतरी.

अध्यक्षाने शेवटी हलायचं असतं. बाबा खुर्चीवरून उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. आपल्या लेकीने स्वतःच्या संघाविरुद्ध, केवळ नियमासाठी, असं बोलावं, याहून मोठं त्यांना काय हवं होतं? ते चालत आले आणि माझ्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले. तोवर बाकीचेही उठले होते आणि मधली जमीन रिकामी झाली होती. तिथे एकटी माय उरली होती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि मला वाटलं, आता हीसुद्धा येते आहे. ती पलीकडे गेली आणि शकुनच्या बाजूला बसली.

"तुले पटलं नाई का?" बाबांनी विचारलं. वादात असं विचारायची पद्धत होती.

"पटलं," माय म्हणाली. "लय बराबर बोलली. पन मले इथी बसाचं आहे."

हे लिहिताना आताही माझ्या कानाच्या पाळ्या तापतात. त्यानंतर मी पुष्कळ व्यासपीठांवर बोलले, लोक माझ्या बाजूला आलेही. पण त्या दुपारी मी किती सहज हरू शकत होते, आणि हरणं हाच किती मोठा शहाणपणा होता, हे मला आठवतं आणि मी हातातलं काम थांबवते. बाबांवर मी कधी याचा दोष टाकला नाही. ते शेवटपर्यंत हा प्रसंग पाहुण्यांना सांगत राहिले. मी उठून आत जायची.

त्या संध्याकाळी बाबांनी अभिनंदनाला आलेल्या दोन जणांना जेवायला थांबवून घेतलं. दारात चपला वाजल्या. मी चुलीजवळ होते. मायने पाण्याच्या तांब्याकडे बघितलंही नाही. पानं वाढली गेली आणि डाळ भातावर पडली ती तिथेच ढिगाने बसली, पसरली नाही. पाहुण्यांना नीट पुरली, बाबांना अर्धी पळी, भावाला चाटण्यापुरती. मायसाठी भांड्याला लागलेली खरवड.

"आज दाळ लय घट्ट झाली," बाबा म्हणाले.

"हो," माय म्हणाली. "आज पानी नाई टाकलं."

पाहुणे डाळीची तारीफ करत राहिले. माझ्या पानात तिने पूर्ण पळी वाढली होती, सगळ्यांपेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना पाहिलं, तर पोरं कुदळी घेऊन जागेवर उतरली होती. सुताराचा खांब त्यांनी काढून विहाराच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. शकुन आपल्या बापाचा वल्ला काढायला आली होती. बुडखा खोल पुरलेला, तो एकटीने हलेना. मी दप्तर ठेवलं आणि तिच्याजवळ गेले. ती नको म्हणाली नाही. "तिकडून धर," म्हणाली. आम्ही दोघींनी तो हलवून हलवून सैल केला, उपटला आणि खांद्यावर घेतला, ती पुढे, मी मागे. बांध ओलांडला. त्या बाजूला मी पहिल्यांदाच जात होते. चटयांवर मासे वाळत होते. तिच्या मायने मान वर करून आम्हाला बघितलं आणि पुन्हा मासे परतायला लागली.

तलावाच्या काठावर नावेशेजारी आम्ही वल्ला टेकवला. मला काहीतरी बोलायचं होतं, पण माझ्याजवळ होती ती सगळी वाक्यं मोठ्या आवाजात बोलायची होती. शकुनच बोलली.

"खरंच सोपं आहे का वो? बसनं?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग काऊन म्हनली?"

मी वल्ल्याच्या बुडख्याची माती नखाने खरवडायला लागले. तिने वाट पाहिली. मग तिने पायाने वाळूत दोन चौकोन काढले, आम्ही काढायचो तसे, आणि एकात जाऊन बसली. चवड्यांवर, टाचा उचललेल्या, दोन्ही हातांची बोटं जमिनीला टेकलेली, मान एका बाजूला. धावणारी केव्हाही मागून येईल आणि पाठीवर थाप देऊन खो म्हणेल, त्या क्षणी बाणासारखं सुटायचं, आणि तोपर्यंत हलायचं नाही. आमच्या संघात ती मधल्या चौकोनात बसायची. मी बहुतेक वेळा खांबाशी असायची, धावणारी.

"बस," ती म्हणाली.

मी दुसऱ्या चौकोनात बसले. तिचं तोंड तलावाकडे, माझं गावाकडे, नियमाप्रमाणे. विहारामागे कुदळी पडत होत्या आणि त्यांचा आवाज बांधावरून येत होता. आधी पोटऱ्या तापल्या. मग मांड्यांत कुणीतरी दोरी पिळतंय असं झालं. मग गुडघे थरथरायला लागले आणि घाम डोळ्यांत उतरला, तो पुसायला हात उचलला असता तर तोल गेला असता. माझ्या शेजारी शकुनचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. मला माय आठवली, चुलीपुढे नेमकी अशीच बसते ती, ओल्या लाकडाच्या धुरात. आणि मग माझे गुडघे वाळूत टेकले.

मी उठले. पाय झटकले. शकुन बसूनच होती. तिची पाठ माझ्याकडे होती, आणि तिला उठवायचा आमच्या खेळात एकच मार्ग होता. मी तिच्या मागे गेले, पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "खो."

ती हलली नाही. मी वाट पाहिली.

"आयकू नाई आलं," तलावाकडे बघतच ती म्हणाली. "काल तं तुहा आवाज इथपर्यंत येऊन राह्यला होता. माह्या मायनं बी आयकला."